वत्सगुल्माचा अंत : एका साहसकथेने सांभाळलेला इतिहास

विंध्याच्या अरण्यात एका विहिरीपाशी आठेक वर्षांचा मुलगा उभा आहे. भुकेने आणि तहानेने तो कासावीस झाला आहे. त्याच्यासाठी पाणी काढायला गेलेला म्हातारा सेवक तोल जाऊन विहिरीत पडला आहे आणि त्याला वर काढण्याचे बळ त्या कोवळ्या हातांत नाही. तेवढ्यात एक अनोळखी तरुण तिथे येतो. तो वेल सोडून म्हाताऱ्याला वर ओढतो, बांबूच्या नळीने पाणी काढून मुलाला पाजतो आणि उंच झाडावरची फळे दगडांनी पाडून दोघांना खाऊ घालतो. मग झाडाखाली बसून म्हाताऱ्याला विचारतो : बाबा, हा मुलगा कोण, तुम्ही कोण, आणि तुमच्यावर ही वेळ कशी आली?

म्हाताऱ्याचे नाव नालीजंघ. तो जे सांगतो ती विदर्भाच्या राज्याच्या नाशाची हकिगत आहे. तो भुकेला मुलगा त्या राज्याचा वारस आहे.

दंडीच्या ‘दशकुमारचरित’ या संस्कृत गद्यकथेतला हा आठवा उच्छ्वास, म्हणजे प्रकरण, ‘विश्रुतचरित’ म्हणून ओळखला जातो. विसाव्या शतकात कोरीव लेखांचे अभ्यासक वासुदेव विष्णु मिराशी यांनी अशी मांडणी केली की या काल्पनिक नावांच्या आड खराखुरा इतिहास आहे : पाचव्या शतकाच्या अखेरीस बुडालेल्या वाकाटक राज्याचा, ज्याची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम होते. मिराशींचे म्हणणे बरोबर असेल, तर आपल्या जिल्ह्याच्या गावाच्या सर्वांत मोठ्या पडझडीची सविस्तर हकिगत एका साहसकथेत शिल्लक राहिली आहे. ताम्रपट राजाने काय दान दिले ते सांगतात, प्रशस्तीलेख त्याने काय जिंकले ते सांगतात. आपले राज्य कसे गेले हे सांगण्यासाठी मात्र कोणताही राजा दगड कोरून घेत नाही.

ताम्रपटातून उजेडात आलेले घराणे

सातवाहनांची सत्ता मावळल्यावर, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात विंध्यशक्तीने वाकाटक घराण्याचा पाया घातला. त्याचा मुलगा पहिला प्रवरसेन याने चार अश्वमेध केले आणि ‘सम्राट’ ही पदवी धारण केली. वाकाटकांत ती पदवी त्याच्याशिवाय कोणी लावली नाही. त्याच्यामागे राज्याची वाटणी झाली. पुराणे चार पुत्रांची गोष्ट करतात. कोरीव लेखांतून आपल्याला दोन शाखा नीट दिसतात. एक रामटेकजवळच्या नंदिवर्धनची. गुप्तसम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता याच घरात सून म्हणून आली. दुसरी शाखा वत्सगुल्माची. तिचा मूळपुरुष प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन.

या दुसऱ्या शाखेचे अस्तित्वच इतिहासाला फार उशिरा कळले. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याबाहेरचा मोठा शिलालेख एकोणिसाव्या शतकात वाचला गेला होता. पण अक्षरे झिजलेली असल्याने त्यातले एक महत्त्वाचे नाव ‘रुद्रसेन’ असे वाचले गेले आणि सगळे राजे एकाच वंशावळीत बसवले गेले. मग १९३९ मध्ये वाशीमला ताम्रपटांचा एक संच उजेडात आला. विंध्यशक्ती दुसरा या राजाने आपल्या कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्मातून तो दिला होता. नंदिकड म्हणजे नांदेडच्या उत्तरेकडच्या मार्गावरील एक गाव त्याने अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिले. लेखातली वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा तपशील प्राकृतात. त्या वंशावळीत प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन स्पष्ट दिसतो. मिराशींनी हे ताम्रपट हाताशी धरून अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला. जिथे रुद्रसेन वाचला गेला होता, तिथेही सर्वसेनच निघाला. वाशीमच्या मातीने अजिंठ्याच्या दगडातली चूक दुरुस्त केली आणि एक हरवलेले राजघराणे आपल्या गावी परतले.

हे घराणे लढवय्ये होते, तसेच रसिकही होते. सर्वसेनाने ‘हरिविजय’ नावाचे प्राकृत काव्य लिहिले. आज ते उपलब्ध नाही, पण काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त त्याचा गौरवाने उल्लेख केला आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात वत्सगुल्माचे नाव येते. आणि घराणे संपून चार शतके लोटल्यावरही राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लावले, ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. साहित्याचा विवाहसोहळा कुठे व्हावा, असा प्रश्न पडल्यावर त्या काळच्या रसिकाला वाशीम आठवले.

वाशीमजवळच्या हिस्से-बोराळ्याचा शिलालेख आणखी एक गोष्ट सांगतो. देवसेन राजाच्या काळात स्वामिल्लदेव या त्याच्या अधिकाऱ्याने तिथे ‘सुदर्शन’ नावाचा तलाव बांधला. लेखावर शक ३८० आहे, म्हणजे इसवी सन ४५८च्या सुमाराचा काळ. वाकाटक आपल्या लेखांत राज्यवर्षे देतात, चालू शक देत नाहीत. त्यामुळे हे एक साल सगळ्या कालगणनेला खुंटीसारखे उपयोगी पडते. गिरनारच्या पायथ्याचा मूळ सुदर्शन तलाव फुटला होता आणि स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्याने तो बांधून काढला, तोही याच दोन-तीन वर्षांत. सौराष्ट्रात जुना सुदर्शन दुरुस्त होत होता आणि वऱ्हाडात नवा उभा राहत होता. पाणी अडवणे हे राज्य नीट चालल्याचे लक्षण आहे, आणि ४५८ मध्ये वत्सगुल्माचे राज्य नीट चालले होते.

हरिषेण आणि त्यानंतरची शांतता

देवसेनाचा मुलगा हरिषेण. मिराशी त्याचा काळ ४७५ ते ५०० धरतात. अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक तो सुमारे ४६० ते ४७७ असा मागे नेतात. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवले. घटोत्कच लेण्यातही त्याचा लेख आहे. सोळाव्या लेण्याच्या लेखात हरिषेणाच्या संदर्भात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट आणि आंध्र अशी देशांची यादी आहे. नेमके क्रियापद जिथे असायला हवे तिथे दगड झिजला आहे, म्हणून हे देश जिंकले की प्रभावाखाली आणले हे सांगता येत नाही. तरी यादीच पुरेशी बोलकी आहे. माळव्यापासून आंध्रापर्यंत आणि गुजरातपासून ओरिसापर्यंतच्या राजकारणाचा मध्य त्या वेळी वत्सगुल्म होते.

अजिंठ्याची जी चित्रे पाहायला आज जग येते, त्यांतली बरीचशी याच पिढीतली आहेत. सतरावे लेणे एका मांडलिक राजाने कोरवले आणि आपल्या लेखात हरिषेणाचे नाव आदराने नोंदवले. सव्विसाव्या लेण्यात बुद्धभद्र नावाचा भिक्षू आपला मित्र, अश्मक राजाचा मंत्री भव्विराज, याचे स्मरण करतो. अश्मक म्हणजे गोदावरीकाठचा, वत्सगुल्माच्या दक्षिणेचा देश. हे नाव लक्षात ठेवावे. पुढे ते पुन्हा येणार आहे.

हरिषेणानंतर या घराण्याच्या राजाचा एकही लेख नाही. सात देशांची यादी देणारे घराणे एका पिढीत मुके होते. पन्नास-साठ वर्षांनी या भूमीवर माहिष्मतीच्या कलचुरींचा अंमल दिसू लागतो. मधल्या काळात काय घडले ते दगड सांगत नाही, तांबेही सांगत नाही.

विदर्भाचा दरबार

इथे दंडीची कथा सुरू होते.

‘दशकुमारचरित’ ही मगधाचा राजपुत्र राजवाहन आणि त्याचे नऊ साथीदार यांची भटकंती आहे. ताटातूट झालेले हे दहा तरुण पुन्हा भेटतात आणि आपापल्या करामती सांगतात. त्यांत घरफोडी आहे, जुगार आहे, वेषांतर आणि भुयारे आहेत. पूर्वेच्या दामलिप्त बंदराजवळच्या समुद्रात फेकलेल्या मित्रगुप्ताला रामेषु नावाच्या यवन नाखवाचे जहाज वर काढते, असाही प्रसंग आहे. या सगळ्यांत विहिरीपाशी आलेल्या त्या तरुणाची, म्हणजे विश्रुताची, कथा वेगळी उठून दिसते, कारण तिचा निम्मा भाग राज्यशास्त्राचा आहे.

नालीजंघ सांगतो : विदर्भात भोजवंशाचे भूषण असा पुण्यवर्मा नावाचा राजा होता. तो धर्माने वागणारा, शास्त्र जाणणारा आणि प्रजेला सुखी ठेवणारा होता. तो गेला आणि मुलगा अनंतवर्मा गादीवर आला. त्याच्यात गुण होते, कलांची जाण होती, पण दंडनीतीकडे त्याने पाठ फिरवली. बापाच्या वेळचा मंत्री वसुरक्षित याने त्याला एकांतात समजावले की बाकी सगळी बुद्धी असली तरी राज्य चालवायला राज्यशास्त्र लागतेच. राजाने मान हलवली आणि अंतःपुरात निघून गेला.

तिथे विहारभद्र नावाचा लाडका खुशमस्कऱ्या होता. राजाने मंत्र्याचा उपदेश त्याच्या कानावर घातला आणि विहारभद्राने त्या शास्त्राची जी टर उडवली, ती संस्कृत साहित्यात अजोड आहे. विष्णुगुप्ताने मौर्यासाठी सहा हजार श्लोकांत हे शास्त्र आटवले म्हणे. ते शिकायचे तर म्हातारपण येईल. शिकून झाले की राजाने काय करायचे? दिवसाचे आठ भाग पाडायचे. पहिल्या भागात जमाखर्च ऐकायचा, आणि तो ऐकत असतानाच अधिकारी दुप्पट लुटणार. चाणक्याने पैसे खाण्याचे चाळीस मार्ग लिहून ठेवले, हे लोक स्वतःच्या अकलेने त्यांचे हजार करतात. दुसऱ्या भागात भांडणाऱ्या प्रजेच्या तक्रारींनी कान भाजून घ्यायचे. तिसऱ्यात जेवायचे, तेही अन्न पचेपर्यंत विषाची धास्ती बाळगत. मग सोने गोळा करायला हात पसरायचा, मग मंत्र्यांची खलबते, मग सैन्याची पाहणी. रात्रीचीही अशीच वाटणी. राजाला स्वतःच्या सुखासाठी उरतात त्या जेमतेम पावणेचार घटका. आणि हे शास्त्र शिकवणारे मंत्री स्वतः तरी कुठे तसे वागतात?

या भाषणातला एकेक मुद्दा खरा वाटावा असा आहे. अधिकारी चोरी करतात हे खरे, मंत्री स्वार्थी असतात हेही खरे. विहारभद्र खोटे बोलून राज्य बुडवत नाही. तो खऱ्या दोषांकडे बोट दाखवतो आणि त्यातून कारभारच नको असा निष्कर्ष काढून देतो. दंडीला दरबार आतून माहीत होता, याची खात्री या परिच्छेदात पटते.

वसुरक्षिताची पत घटली. तो मनाशी विचार करतो की निघून जावे, पण बापाच्या वेळेपासूनचे मीठ खाल्ले आहे, या मुलाला टाकून जाणार कसा? तो थांबतो आणि त्या थांबण्यामुळेच पुढे वारस वाचतो.

अश्मकाचा पाहुणा

शेजारच्या अश्मक देशाचा राजा वसंतभानू हे सारे पाहत होता. त्याचा मंत्री इंद्रपालित याचा मुलगा चंद्रपालित, बापाने वाईट चालीमुळे हाकलून दिले असे सोंग करून, विदर्भात आला. बरोबर गवई, नर्तकी, कारागीर आणि नाना वेषांतले हेर. विहारभद्राला वश करून तो राजापर्यंत पोहोचला आणि प्रत्येक व्यसनाला त्याने गुणाचे रूप दिले. शिकारीसारखा व्यायाम नाही : चरबी झडते, पाय दमदार होतात, रानवाटा कळतात, पिकांची नासाडी करणारी जनावरे मरतात. जुगारात धन गवतासारखे फेकण्याचे औदार्य अंगी येते आणि हारजीत सारखी मानण्याची सवय लागते. मद्याने अपराध विसरतात आणि मनातले सल जातात. राजाने ते गुरूपदेशासारखे ऐकले.

पुढचे वर्णन एखाद्या राज्याच्या आजारपणाच्या नोंदीसारखे आहे. राजासारखीच प्रजा सैल झाली. सगळेच दोषी असल्याने कोणी कोणाचे दोष काढीना. अधिकाऱ्यांनी आपापल्या जागेचे उत्पन्न स्वतःच खाल्ले. आवक आटली आणि खर्चाची तोंडे रोज वाढत गेली. सामंत राजाच्या पानगोष्ठीत बसू लागले आणि त्यांच्या बायकांपर्यंत राजाचे हात पोहोचू लागले. त्याच वेळी अश्मकाचे हेर सैन्य पोखरत होते. शिकारीची लालूच दाखवून माणसांना एकच वाट असलेल्या दरीत न्यायचे आणि तोंडाशी आग लावायची. वाघ मारायला म्हणून पुढे घालायचे. पाणी आहे असे सांगून दूरवर न्यायचे आणि तहानेने मारायचे. काटा काढतो म्हणून विषारी सुई टोचायची. युद्ध होण्याआधीच सैन्य संपत आले.

मग वसंतभानूने वनवासीचा राजा भानुवर्मा याला विदर्भावर चढाई करायला उठवले. अनंतवर्म्याने सैन्य जमवले आणि सामंतांना बोलावले. सर्वांत आधी मदतीला आला तो वसंतभानूच. नर्मदेच्या काठी तळ पडला. तिथे कुंतलाचा अधिपती अवंतिदेव याच्याकडची नर्तकी क्ष्मातलोर्वशी हिचा नाच अनंतवर्म्याने पाहिला आणि तिला आपल्याकडे ओढून घेतले. अपमानाने जळणाऱ्या कुंतलपतीला वसंतभानूने गाठले आणि मुरल, ऋचीक, कोकण आणि नासिक्य इथल्या सामंतांनाही एकेक दुखणे आठवून दिले. सगळ्यांनी वनवासीच्या राजाशी संधान बांधले. दुसऱ्या दिवशी समोरून शत्रू आणि मागून आपलेच सामंत अशा कोंडीत अनंतवर्मा पडला आणि मारला गेला. लुटीच्या वाटणीवरून वसंतभानूने त्या सामंतांनाही आपसांत झुंजवून संपवले, वनवासीच्या राजाला थोडा वाटा दिला आणि विदर्भ गिळला.

वसुरक्षिताने काही इमानी माणसांसह राणी वसुंधरा, तेरा वर्षांची राजकन्या मंजुवादिनी आणि बाळ भास्करवर्मा यांना बाहेर काढले. वाटेतच तापाने तो गेला. उरलेल्यांनी त्यांना माहिष्मतीला, राजाचा सावत्र भाऊ मित्रवर्मा याच्याकडे पोहोचवले. त्याने राणीवर वाईट नजर ठेवली. तिने त्याला धुडकावल्यावर त्याने मुलाचा जीव घ्यायचे ठरवले. राणीने नालीजंघाला सांगितले : याला घेऊन जा आणि कुठेही जिवंत ठेव.

यापुढे विश्रुताचे साहस सुरू होते. विषात भिजवलेल्या माळेने मित्रवर्म्याचा वध होतो. विंध्यवासिनीच्या मूर्तीखालच्या भुयारातून विश्रुत मुलाला घेऊन लोकांसमोर प्रकट होतो आणि देवीनेच याला आपला पुत्र मानले, अशी घोषणा करतो. मंजुवादिनीशी त्याचा विवाह होतो. आता विदर्भ परत मिळवायचा, या टप्प्यावर दंडीचा मूळ ग्रंथ तुटतो. शेवट पुढे दुसऱ्या कोणी जोडला आहे.

मिराशींनी जुळवलेला धागा

मिराशी १८९३ चे, सिंधुदुर्गातल्या कुवळे गावचे. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवता शिकवता ते कोरीव लेखांकडे वळले आणि त्यांनी वाकाटकांना आयुष्य दिले. वाकाटकांचे सर्व लेख एकत्र करणारा त्यांचा खंड १९६३ साली भारत सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या मालेत निघाला. मराठी वाचकांसाठी त्यांनी ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ’ लिहिले. ‘दशकुमारचरिता’वरचा त्यांचा लेख चाळीसच्या दशकात पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात आला.

त्यांचा युक्तिवाद असा. गुप्तांच्या आधी किंवा दंडीच्या स्वतःच्या काळात विदर्भ, अश्मक, कुंतल, वनवासी, नासिक्य, कोकण आणि माहिष्मती अशी मांडणी बसत नाही. ती बसते पाचव्या शतकाच्या शेवटी. इतक्या सामंतांचा अधिपती असलेला विदर्भाचा राजा हरिषेणाखेरीज दुसरा सापडत नाही. म्हणून पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण आणि अनंतवर्मा म्हणजे त्याचा मुलगा. वनवासीला तेव्हा कदंब राज्य करत होते आणि कदंबांच्या लेखांत भानुवर्मा नावाचा राजपुरुष खरोखर आहे. दंडी फक्त ‘विदर्भ’ म्हणतो, पण हरिषेणाचा दरबार म्हटला की तो वत्सगुल्माचा.

पण कांचीच्या पल्लवांच्या छत्राखाली, सातव्या शतकाच्या शेवटाकडे लिहिणाऱ्या दंडीला हे कसे कळले? ‘अवंतिसुंदरीकथे’त दंडीने आपल्या घराण्याची हकिगत दिली आहे. त्याचे पूर्वज आनंदपुराहून निघून अचलपुराला येऊन राहिले होते. पणजोबा दामोदर तिथला. तो पुढे दक्षिणेत राजदरबारांशी जोडला गेला आणि कांचीला स्थिरावला. हे अचलपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातले आपले अचलपूर, असे मिराशी मानतात. तसे असेल तर वत्सगुल्म बुडाल्याच्या आठवणी ज्या मुलखात ताज्या होत्या, तिथूनच हे घराणे दक्षिणेला गेले. स्वतः दंडीनेही लहानपणी आईबाप गमावले होते. शत्रूच्या स्वारीने कांची विस्कटली तेव्हा त्याला रानोमाळ भटकावे लागले होते. विहिरीपाशी तहानलेला मुलगा त्याने कल्पनेने रंगवला असेल, पण परचक्रात निराधार होणे काय असते, हे त्याला अनुभवाने माहीत होते.

कोरीव लेखही काही ठिकाणी कथेला दुजोरा दिल्यासारखे बोलतात. सतराव्या लेण्याच्या लेखात अश्मकाचे नाव येते, सव्विसाव्यात अश्मकाचा मंत्री येतो. म्हणजे हरिषेणाच्या काळात अश्मक हा वत्सगुल्माच्या उंबरठ्यावरचा प्रबळ शेजारी होता. सोळाव्या लेण्याचा लेख आणखी मोठी गोष्ट सांगतो. हरिषेणाचा बाप देवसेन याने राज्याचा भार हस्तिभोज मंत्र्यावर टाकला आणि आपण निर्धास्तपणे सुखोपभोगात रमला, असे त्या मंत्र्याचाच मुलगा वराहदेव कौतुकाने लिहितो. त्याच लेखात आणखी आधीच्या पिढीतला एक राजा आठव्या वर्षी गादीवर आला आणि त्याने चांगले राज्य केले, असेही आहे. आठ वर्षांचा वारस, कर्तबगार मंत्री आणि सुखात रमणारा राजा ही पात्रे त्या घराण्याला अनोळखी नव्हती. फरक एवढाच की देवसेनाचा मंत्री ऐकला जात होता आणि अनंतवर्म्याचा ऐकला गेला नाही.

स्पिंक यांनी मिराशींचा धागा पुढे नेला. अजिंठ्याची अर्धवट राहिलेली लेणी, घाईने बसवलेल्या मूर्ती आणि मध्येच थांबलेले काम यांचा अर्थ त्यांनी हरिषेणाच्या मृत्यूने आणि अश्मकांच्या वर्चस्वाने लावला. छिन्नी जिथे थांबली, तिथे त्यांना ‘विश्रुतचरित’ ऐकू आले.

कथेवर किती भार टाकावा

सगळे अभ्यासक हे मान्य करत नाहीत, आणि त्यांच्या हरकती गंभीर आहेत. दंडी घटनेनंतर सुमारे दोनशे वर्षांनी लिहितो. त्याने राजांची नावे बदलली आहेत. हरिषेणाला मुलगा होता, असे सांगणारा एकही लेख नाही. कथेतली माहिती लेखांवर बसवायची आणि मग लेख कथेला आधार देतात म्हणायचे, यात वर्तुळ पुरे होण्याचा धोका आहे.

जगातले एक उदाहरण इथे उपयोगी पडते. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे कार्थेज बंदर रोमने इसवी सनपूर्व १४६ मध्ये जाळून टाकले. पुढे रोमन कवी व्हर्जिलने ‘एनीड’ या साहसकाव्यात कार्थेजची राणी दीदो आणि ट्रॉयहून पळालेला एनीअस यांची गाठ घातली. परंपरेच्या हिशेबाने ट्रॉयचा पाडाव आणि कार्थेजची स्थापना यांत काही शतकांचे अंतर आहे. कवीने दोन काळ एकत्र विणले. पण परागंदा लोकांनी वसवलेले शहर, त्याचा व्यापारी दिमाख आणि रोमशी त्याचे वैर हे त्या काव्यात खरे आहे. सालांसाठी व्हर्जिलकडे जाऊ नये, मात्र त्या दोन शहरांचे नाते समजायला त्याला टाळूही नये.

दंडीकडेही तसेच जावे. अनंतवर्म्याचे नाव वाशीमच्या राजांच्या यादीत घालू नये. नर्मदाकाठच्या लढाईला साल देऊ नये. पण मांडलिकांच्या जिवावर पसरलेले राज्य, दक्षिणेकडचा महत्त्वाकांक्षी शेजारी आणि आतून पोखरलेला कारभार, या तिन्ही गोष्टी मला विश्वासार्ह वाटतात. हरिषेणासारख्याचे राज्य एका पिढीत नाहीसे व्हायचे तर ते निव्वळ बाहेरच्या धक्क्याने होत नाही. दगड आणि तांबे जिथे गप्प आहेत तिथे कारणांची इतकी सुसंगत साखळी दुसऱ्या कुठल्याही ग्रंथाने दिलेली नाही.

वाकाटकांचे नाव मात्र लगेच पुसले गेले नाही. आंध्रातल्या विष्णुकुंडी घराण्याच्या चिक्कुल्ल ताम्रपटात विक्रमेंद्रवर्म्याला विष्णुकुंडी आणि वाकाटक अशा दोन्ही कुळांचे भूषण म्हटले आहे. गादी गेली तरी लेकीच्या सासरी माहेरचे नाव अभिमानाने लावले जात होते.

वाशीमने पुढे आणखी राज्ये पाहिली. भोसल्यांच्या काळात इथे बालाजीचे देऊळ उभे राहिले. इंग्रजी अमलात वऱ्हाडातला स्वतंत्र बासिम जिल्हा होता, तो १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्ह्याचे ठिकाण झाले. पद्मतीर्थाच्या काठावर स्थलपुराणातल्या वत्स ऋषीची कथा लोक आजही श्रद्धेने सांगतात. तिच्या शेजारी नालीजंघाची हकिगतही सांगितली गेली पाहिजे.

आपल्याकडे गावाच्या इतिहासात विजय आणि दान एवढेच मोजण्याची सवय आहे. वत्सगुल्माची हार आपल्याला विजयापेक्षा अधिक शिकवते. करवसुली आणि हिशेब यांकडे राजाने पाठ फिरवली की सैन्य युद्धाआधीच हरते. शहाणा मंत्री असूनही त्याचे ऐकले नाही तर तो नसल्यासारखाच. कारभारातले दोष दाखवून कारभारच टाकून द्यायला सांगणारा माणूस राजाच्या शत्रूला वाट करून देतो. जिल्ह्यातल्या शाळा-महाविद्यालयांत वाशीमचा ताम्रपट, हिस्से-बोराळ्याचा शिलालेख आणि ‘दशकुमारचरिता’चा आठवा उच्छ्वास एकत्र वाचले जावेत. पहिल्यातून राज्य उभे राहताना दिसेल, दुसऱ्यातून ते चालताना दिसेल आणि तिसऱ्यातून ते का पडले असेल याचा विचार सुरू होईल. तो विचार करणारी पिढी या गावात घडली, तर मिराशींच्या आयुष्यभराच्या कष्टांचे खरे फळ वाशीमला मिळेल.